जुन्या खाणीखालचा ओढा: बाटली, मीटर, गाळ की किडे?

एकाच ओढ्यातून, एकाच दगडावर उभं राहून भरलेल्या दोन बाटल्या. एक पहाटेची, दुसरी दुपारी चारची. पहाटेच्या बाटलीत जस्त दुपारच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त निघू शकतं, आणि प्रयोगशाळेची कुठेच चूक नसते. दिवसा दगडांवरचं शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, पाणीही थोडं तापतं आणि जस्त तळाच्या थराला चिकटून बसतं. रात्री ते पुन्हा पाण्यात उतरतं. आर्सेनिकचं बहुधा याच्या उलट चालतं, ते दुपारनंतर वाढतं. फार आम्ल नसलेल्या ओढ्यांत हा खेळ रोज होतो. एका वर्षी सकाळी आणि पुढच्या वर्षी दुपारी नमुना घेऊन ‘ओढा सुधारला’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात फक्त घड्याळ मोजलेलं असतं.

म्हणून खाणीतून ओढ्यात उतरणारे धातू मोजायला कोणतं उपकरण घ्यावं असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते: तुम्हाला नक्की काय ठरवायचं आहे? पाणी पिण्यालायक आहे का, मासे का नाहीत, की डोंगरातल्या दहा जुन्या बोगद्यांपैकी आधी कोणता आवरायचा? या तीन प्रश्नांची उत्तरं एकाच पद्धतीने मिळत नाहीत.

हातातला मीटर

पीएच आणि विद्युत वाहकता मोजणारा मीटर धातू मोजत नाही, तरी तो सोबत हवाच. खाणीतल्या पायराइटला, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी लागलं की आम्ल, सल्फेट आणि लोह तयार होतं, आणि सल्फेट वाढलं की वाहकता चढते. मीटर पाण्यात बुडवत काठाने वर चढत गेलात तर एखाद्या वळणावर आकडा एकदम उडी मारतो. तिथे काठावरच्या झुडपांमागे हमखास एखादी झिरप सापडते, नकाशावर नसलेली. इतक्या कमी खर्चात एवढी माहिती देणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

पण मर्यादा स्पष्ट आहे. माशांना मारायला पुरेल इतकं जस्त वाहकतेत दिसतच नाही. आणि पीएच ओढ्याकाठीच मोजायचा. बाटलीतलं विरघळलेलं लोह वाटेत हवेशी संयोग पावून गंजासारखं खाली बसतं, त्यात आम्ल सुटतं, आणि घरी मोजलेला पीएच ओढ्याचा राहत नाही.

रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणि किट

इथे मी फार वेळ घालवणार नाही. बऱ्याचशा पट्ट्या मिलिग्रॅमची भाषा बोलतात आणि आपला प्रश्न मायक्रोग्रॅमचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी शिशाला लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आणि कॅडमियमला ३ मायक्रोग्रॅम आहे. पट्टीवर रंग आला नाही म्हणून पाणी निर्धोक मानणं हा खरा धोका आहे. बोगद्याच्या तोंडाशी, जिथे लोह आणि तांबं भरमसाट असतं, तिथे ढोबळ अंदाजापुरतं किट चालेल. ओढ्याकाठी नेता येणारी व्होल्टामेट्रीची, म्हणजे विजेच्या प्रवाहावरून धातू मोजणारी, यंत्रं मायक्रोग्रॅमपर्यंत जातात, पण त्यांना सरावलेला हात लागतो आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ त्यांना गोंधळात टाकतात. नवख्या गटाने त्या वाटेला जाऊ नये.

बाटली आणि प्रयोगशाळा

मुख्य आधार हाच. प्रयोगशाळेत साधारण तीन प्रकारची यंत्रं भेटतात. आयसीपी-एमएस एका नमुन्यातून अनेक धातू एकदम आणि मायक्रोग्रॅमच्याही खाली मोजतं. आयसीपी-ओईएस तेच काम थोड्या जाड नजरेने करतं. ज्वालेवरचं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन एकेका धातूसाठी ठीक, पण शिसं आणि कॅडमियम कमी प्रमाणात शोधायचं असेल तर तोकडं पडतं. नमुना देण्याआधी एकच प्रश्न विचारा: प्रत्येक धातूसाठी तुमची खालची मर्यादा किती? कॅडमियमची मर्यादा १० मायक्रोग्रॅम असेल तर ‘आढळलं नाही’ या शेऱ्याला पिण्याच्या पाण्यासाठी काहीच अर्थ नाही.

यंत्रापेक्षा जास्त आकडे ओढ्याकाठी बिघडतात. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून सिरिंजने गाळायचा. थंड पाण्यात बोटं बधिर झालेली असतात, सिरिंज जड चालते, आणि पांढऱ्या गाळणीवर हळूहळू केशरी वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ म्हणजे पाण्यात तरंगणारं लोह, आणि त्याला चिकटलेलं शिसं. म्हणून दोन बाटल्या भरायच्या: एक गाळलेली, एक न गाळलेली. गाळलेली सांगते विरघळून काय चाललंय, न गाळलेली सांगते एकूण किती चाललंय. पाणी न गाळता पिणाऱ्यांसाठी दुसरी महत्त्वाची, माशांच्या कल्ल्यांसाठी पहिली.

गाळून झाल्यावरच नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणायचा, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. क्रम उलटा झाला, आधी आम्ल आणि मग गाळणी, तर कणांवरचे धातू विरघळून पाण्यात येतात आणि आकडा फुगतो. मी स्वतः एकदा असा अख्खा दिवस वाया घालवला आहे. तेव्हापासून बाटल्यांवर आदल्या रात्रीच १ आणि २ असे क्रम लिहून ठेवते. दर फेरीला एक कोरा नमुनाही हवा: शुद्ध पाणी ओढ्याकाठी नेऊन त्याच सिरिंजने, त्याच गाळणीतून, तेच आम्ल टाकून भरलेलं. त्यात जस्त निघालं तर ते तुमच्या हातमोज्यांचं किंवा बाटलीचं आहे, ओढ्याचं नाही.

त्याच तपासणीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही मागून घ्या, कारण पाण्याचं काठिण्य या दोघांवरून ठरतं, आणि ते कमी असलेल्या, म्हणजे मृदू, पाण्यात तेच जस्त जास्त घातक ठरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या निकषात काठिण्य लिटरमागे १०० मिलिग्रॅम असताना जलचरांसाठी जस्ताची मर्यादा १२० मायक्रोग्रॅम धरली आहे, आणि काठिण्य घटलं की मर्यादाही खाली येते. डोंगरातलं बर्फाचं किंवा पावसाचं पाणी बहुधा मृदूच असतं. माणसाला चवीतही कळणार नाही एवढं जस्त तिथल्या माशांना पुरतं.

विसर्ग मोजल्याशिवाय आकडा अर्धा

माझं ठाम मत इथे आहे. पैसे कमी असतील तर धातूंची यादी छोटी करा, जागा कमी करा, पण विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजणं सोडू नका.

समजा वरच्या जागी जस्त लिटरमागे ४०० मायक्रोग्रॅम आहे आणि सेकंदाला १० लिटर पाणी वाहतंय. किलोमीटरभर खाली जस्त ९० मायक्रोग्रॅम, पण पाणी १२० लिटर. नुसता बाटलीचा आकडा बघणारा म्हणेल, खाली येईपर्यंत ओढा स्वच्छ झाला. आता गुणाकार करा. वर दिवसाला सुमारे ३४५ ग्रॅम जस्त वाहतं, खाली सुमारे ९३० ग्रॅम. मधल्या किलोमीटरात कुठूनतरी जवळपास ६०० ग्रॅमची रोज भर पडतेय. वरचा बोगदा बंद करण्यावर सगळा पैसा घातला असता तर मोठा स्रोत तसाच राहिला असता.

दगडगोट्यांच्या खळाळत्या ओढ्यात पंख्याचं वेगमापक नीट चालत नाही. तिथे मीठ वापरायचं. २ किलो मीठ बादलीत पूर्ण विरघळवून एकदम ओतायचं आणि पाणी नीट मिसळेल इतक्या खाली उभं राहून दर काही सेकंदांनी वाहकता टिपत जायची. आकडा चढतो, शिखर गाठतो, उतरतो. वाहकतेवरून मिठाचं प्रमाण काढलं आणि ते २०० सेकंदांत सरासरी लिटरमागे ४० मिलिग्रॅम भरलं, तर २० लाख मिलिग्रॅम भागिले ८ हजार (४० गुणिले २००), म्हणजे सेकंदाला २५० लिटर. तोच हातातला मीटर, एक बादली आणि एक घड्याळ, एवढ्यावर हे काम होतं.

पाण्यात ठेवून द्यायचे सॅम्पलर

डीजीटी नावाची छोटी प्लास्टिकची गोल चकती असते. आत जेलचा थर आणि त्यामागे धातू धरून ठेवणारं रेझिन. विल्यम डेव्हिसन आणि हाओ झांग यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली. आठवडाभर ओढ्यात ठेवली की त्या आठवड्याची सरासरी हाती येते, पहाट-दुपारचा घोळ आपोआप मिटतो. शिवाय ती प्रामुख्याने सुटे, जिवांना भिडू शकणारे धातू पकडते. तिला पाण्याच्या तापमानाची नोंद लागते आणि वर शेवाळ चढलं तर आकडा घसरतो.

पण सरासरीत शिखर हरवतं. कोरड्या दिवसांत खाणीच्या ढिगांवर सल्फेटचे पिवळे-पांढरे क्षार साचतात आणि पहिल्याच जोरदार सरीत धुऊन खाली येतात. तो काही तासांचा लोंढा मासे मारून जातो आणि आठवड्याच्या सरासरीत जेमतेम उठून दिसतो. तो पकडायचा असेल तर वाहकता सतत नोंदवणारा लॉगर आणि पाणी चढताच बाटल्या भरणारा स्वयंचलित सॅम्पलर हवा.

गाळ आणि किडे

पाणी आजचं सांगतं, गाळ अनेक वर्षांचं. ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला बारीक गाळ वाळवून तपासला की जुनी कहाणी दिसते. हातातलं एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र इथे छान चालतं, फक्त ओल्या गाळावर ते आकडा कमी दाखवतं, म्हणून वाळवायचा आळस करू नये. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्याच्या गाळासाठी २००० साली मांडलेल्या एका मापात जस्त किलोमागे ४५९ मिलिग्रॅम आणि शिसं १२८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तळच्या जिवांना अपाय संभवतो असं धरलं आहे. तुलनेसाठी खाणीच्या वरचाही गाळ घ्या. खाण तिथे खणली कारण धातू खडकात होता, म्हणजे काही भार निसर्गाचाच असतो.

दगडाला चिकटणारे चपट्या अंगाचे मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाचे किडे धातूंपुढे लवकर हरतात. दगड उलटून पाहिला आणि वर ते भरपूर, खाली एकही नाही, तर हे चित्र कोणालाही पटतं, आकडेवारी न कळणाऱ्यालाही. कारण मात्र किडे सांगत नाहीत. पूर, गाळ, तापलेलं पाणी यांनीही ते जातात.

मग निवड कशी करावी

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असेल तर न गाळलेली बाटली आणि आयसीपी-एमएस, बाकी सगळं नंतर. मासे का नाहीत हे शोधायचं असेल तर गाळलेली बाटली, काठिण्य, किडे आणि जमलं तर डीजीटी. कोणता स्रोत आधी आवरायचा असेल तर एकाच दिवशी ओढ्याच्या लांबीभर बाटल्या आणि प्रत्येक जागी मिठाने विसर्ग, यात तडजोड नको. वर्षानुवर्षांचा बदल बघायचा असेल तर जागा कमी, पण तास, ऋतू आणि पाण्याची पातळी सांभाळून.

बोगद्याच्या तोंडाशी नमुना घेताना आत जाऊ नका आणि कोसळलेलं तोंड उकरू नका. ५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी काम चालू असताना मागे तुंबलेलं पाणी फुटलं आणि सुमारे ३० लाख गॅलन पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत गेलं. बाहेरून झिरपणारं पाणी अचानक वाढलं किंवा एकाएकी आटलं तर तारीख-वेळ टिपा, त्याच दिवशी प्रशासनाला कळवा आणि त्या दिवसाचे बाकीचे नमुने खालच्या बाजूने नाही, काठावरच्या उंच जागेवरून घ्या.