जांभळी चादर, नवी पेठ, सोलापूर

पाचपैकी साडेचार देते. अर्धा रंगासाठी कापला.

गेल्या नोव्हेंबरात या दुकानातून जांभळी जेकार्ड चादर घेतली. साठ बाय नव्वद, निखळ सूत, हाताला भरीव. आमच्या ह्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं माग चालवले, त्यामुळे चादर उलटी करून बघायची सवय मलाही लागली. मोर दोन्ही बाजूंनी सारखाच रेखीव आहे. पहिल्या धुण्यात मात्र रंग गेला. वेगळी धुवा.

जांभळा हा स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या जागृतीचा रंग. चादरीमागे शंभर रुपये दुकान बाजूला काढतं. मालकांची मुलगी लंडनला असते, ती ते ‘पॅन्क्रिएटिक कॅन्सर यूके’ या संस्थेला देते. पावती गल्ल्यामागे लावलीय. मी हिशेब विचारला तर त्यांनी लगेच वही पुढे केली. पैशापैसा जुळला.

ही संस्था इम्पीरियल कॉलेजातल्या प्रा. जॉर्ज हॅना यांच्या संशोधनाला पैसा पुरवते. पिशवीत फुंकर मारायची आणि श्वासातल्या वायूंवरून रोग लवकर ओळखायचा, अशी ती चाचणी. अजून तिची पारख चालू आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे खोल असतं, गाठ हाताला लागत नाही. बहुतेकांचं निदान होतं तेव्हा ऑपरेशनची वेळ टळलेली असते.

ह्यांना 61व्या वर्षी अचानक शुगर निघाली. घराण्यात कुणालाच नव्हती. मी भात बंद केला, रोज ज्वारीची कडक भाकरी. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. दर रविवारी काट्यावर उभं राहून हे म्हणायचे, "बघ, तुझं पथ्य लागू पडलं." मलाही बरं वाटायचं. मग डोळे पिवळे झाले. तोवर यकृतात पसरलं होतं.

पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघालेल्या शंभरातल्या साधारण एकालाच पुढच्या 3 वर्षांत हा कॅन्सर निघतो, तेव्हा बाकीच्यांनी घाबरू नये. पण वजनही झपाट्याने उतरत असेल तर पोटाचा स्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

दुकानाला एकच विनंती. चादरीला लावलेली चिठ्ठी इंग्रजीत आहे. ती मराठीत हवी, जमल्यास कन्नड आणि तेलुगूतही. मराठीतला मजकूर मी बिलाच्या पाठीवर लिहून काउंटरवरच्या मुलाकडे दिलाय.