मोटरला 10 वर्षं म्हणाले आणि मी विश्वास ठेवला

राग अजून गेलेला नाही, त्यामुळे लिहिताना मागेपुढे होईल. पण मागच्या आठवड्यात वॉशिंग मशीन बघायला गेलेल्या माझ्या बहिणीलाही सेल्समनने शब्दाला शब्द तेच ऐकवलं, "मॅडम, मोटरला 10 वर्षं वॉरंटी आहे, डोळे झाकून घ्या", म्हणून लिहायला बसलेय.

आधी हिशोब. नव्या वॉशिंग मशीनची किंमत 100 धरा, म्हणजे तुमचं मॉडेल कुठलंही असो, ताळा लागेल. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दिलं, त्याचे 6 वजा. एक्स्टेंडेड वॉरंटीचे 14. टेक्निशियन दोनदा येऊन गेला त्याचे 2 आणि 2. कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदललं, 41. झाले 153. आणि मशीन चाललं 38 महिने. आता टबसाठी अजून 63 मागतायत.

जे 6 ला देऊन टाकलं ते मशीन 19 वर्षं चाललं होतं. फिरवायचा टायमर, पत्र्याची बॉडी, दोन माणसांना उचलायला जड. एवढ्या वर्षांत दोन बेल्ट, एक ड्रेन पाइप आणि 11व्या वर्षी ड्रम ज्यावर फिरतो ते एक बेअरिंग, बस. बेअरिंगच्या वेळी मेकॅनिकने सगळं आमच्यासमोर खोललं, हातोडीने ठोकून जुनं काढलं, नवीन बसवलं, चार तासांत मशीन परत सुरू. आई म्हणत होती चालतंय ते कशाला काढतेस. मी काढलं कारण ते पाणी भरपूर ओढायचं आणि नवीन मशीन खरंच कमी पाणी घेतात, ती काही थाप नाही. जुनं ते सगळं चांगलं असंही माझं म्हणणं नाही, जी जुनी मशीन लवकर मेली ती कधीच भंगारात गेली, आपल्याला टिकलेलीच दिसतात. त्यामुळे मला मूर्ख म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या की मी विचार करून घेतलं होतं.

आणि मी प्रश्नही बरोबर विचारला होता! हेच जास्त लागतं. शोरूममध्ये मी सरळ विचारलं, बेअरिंग गेलं तर बदलता येतं का? तो म्हणाला, मॅडम मोटरला 10 वर्षं आहेत ना. मी बेअरिंगचं विचारलं, त्याने मोटरचं सांगितलं, आणि मी मान हलवली. तिथे मी थांबायला हवं होतं, परत विचारायला हवं होतं, मोटर नाही बेअरिंग. तो क्षण मी इतक्या वेळा आठवलाय की त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा सांगू शकेन. दरवाज्यावर तो मोठा 10 चा स्टिकर होता, त्याच्याखाली बारीक अक्षरात "फक्त मोटर", मी ते वाचलंसुद्धा, आणि वाटलं की मोटर म्हणजे मशीनचा जीव, ती टिकली की सगळं टिकलं.

आता कळलंय. या इन्व्हर्टर मशीनमधल्या मोटरला कार्बन ब्रशच नसतात, त्यामुळे झिजायला तिच्यात फारसं काही नाही. जे सहसा बिघडत नाही त्याला 10 वर्षं, जे बिघडतं त्या कार्डाला 2. कुठल्या पार्टला किती, हे प्रत्येक पार्टचं नाव घेऊन बिलावर लिहून घ्या. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, तो चकचकीत कागद वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडतो, माझा पडला.

26व्या महिन्यात कार्ड गेलं. मला वाटलं काळजी नाही, 14 भरलेत. टेक्निशियन आला, मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला, म्हणाला ओल गेलीय, आणि फोनवर आलेला ओटीपी मागितला, "व्हिजिट झाली एवढंच". मी दिला. मेसेज पूर्ण न वाचता दिला. त्या ओटीपीने तक्रार बंद झाली, शेरा पडला की बिघाड ग्राहकाच्या वापरामुळे, ग्राहकाला मान्य. ओल वॉरंटीत बसत नाही म्हणे. पाण्याच्या मशीनमध्ये ओल येणार नाही तर कुठे येणार? काम पूर्ण होईपर्यंत ओटीपी देऊ नका, सहीही करू नका, माणूस कितीही घाई करू दे.

फोन केला तर मशीनची कंपनी म्हणते एक्स्टेंडेड वॉरंटी आमची नाही, दुसऱ्या कंपनीची आहे, आणि खरंच सर्टिफिकेटवर तिसरंच नाव. ते म्हणतात टेक्निशियनचा रिपोर्ट अंतिम. शोरूम म्हणतं विकून झाल्यावर आमचा संबंध नाही. शेवटी ग्राहक तक्रारीसाठी जे सरकारी ऑफिस असतं तिथे लिहिलं. पहिलं उत्तर 31 दिवसांनी, की तक्रार कंपनीकडे पाठवली आहे. कंपनीने त्यांना तोच ओटीपीचा रेकॉर्ड पाठवला आणि त्यांनी "निराकरण झाले" म्हणून फाइल बंद केली. कोणाचं निराकरण झालं? मला एक फोन तरी केला का? दुसऱ्यांदा लिहिलं तर म्हणे त्याच विषयावर दोनदा तक्रार घेत नाही. तिसऱ्यांदा स्वतः गेले, तिथल्या साहेबांनी माझं ऐकता ऐकता दोन फोन घेतले आणि मग म्हणाले, आजकालच्या वस्तू अशाच असतात हो, किती वर्षं चालायला पाहिजे तुम्हाला? हे ग्राहकाची बाजू घेण्यासाठी बसवलेला माणूस बोलतोय! चौथं पत्र पोचवून सात आठवडे झाले.

युरोपियन युनियनमध्ये 2021 पासून नियम आहे, वॉशिंग मशीनचं मॉडेल बंद झाल्यावरही ठराविक पार्ट 10 वर्षं मेकॅनिकला मिळालेच पाहिजेत. फ्रान्समध्ये त्याच वर्षीपासून मशीन दुरुस्त करणं किती सोपं आहे त्याचे 10 पैकी मार्क दुकानात लावावे लागले. म्हणजे हे करता येतं, करायचं असेल तर.

38व्या महिन्यात स्पिनला विमानासारखा आवाज सुरू झाला. बेअरिंगला पाणी लागू न देणारं रबरी सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो, जुन्या मशीनचंही तेच झालं होतं. पण याचा टब प्लास्टिकचे दोन अर्धे भाग वेल्ड करून बंद केलेला आहे, स्क्रूच नाहीत, उघडतच नाही. मूठभर आकाराच्या बेअरिंगसाठी अख्खा टब, ड्रमसकट, 63. म्हणून घेण्याआधी मॉडेलचं नाव टाकून टब स्क्रूचा आहे की सील केलेला ते शोधा, सेल्समनला नाही, दुरुस्ती करणाऱ्याला विचारा.

63 मी भरणार नाहीये. बाहेरचा एक मेकॅनिक मिळालाय, तो टब शिवणीवर कापून बेअरिंग बदलतो आणि सीलंट लावून स्क्रूने परत जोडतो, 9 मध्ये. गळणार नाही याची खात्री देत नाही असं त्याने आधीच स्पष्ट सांगितलं. बुधवारी येतोय.