परदेशात कॅश की कार्ड: बरेच महिने दोन्ही वापरल्यावर

कामामुळे गेले बरेच महिने माझं या देशातून त्या देशात असं फिरणं चालू आहे. क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, आधी पैसे भरून ठेवायचं ट्रॅव्हल कार्ड आणि साध्या नोटा, चारही सतत वापरात होते. निघायच्या आधी जो तो एकच विचारतो, "कॅश नेऊ की कार्ड?" दोन्ही न्या, हे उत्तर सोपं आहे. खरं लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच ठिकाणी: आपलं चलन तिथल्या चलनात कोण बदलतंय आणि कोणत्या दराने. पैसे गळतात ते तिथेच, मग हातात नोट असो की कार्ड.

सुरुवात कार्डापासून, कारण माझा बहुतेक खर्च त्यावरच झाला. दुकानात किंवा हॉटेलात कार्ड टॅप केलं की चलन बदलायचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड, म्हणजे कार्डाचं नेटवर्क, ठरवतं आणि तो दर बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. दोघांच्याही वेबसाइटवर त्या दिवसाचा दर कुणालाही बघता येतो. मी सुरुवातीला प्रत्येक व्यवहार तिथे ताडून पाहायचे. फरक जवळपास नसायचाच. त्यावर कार्ड देणारी बँक आपलं परकीय चलन शुल्क लावते. ते साधारण एक ते साडेतीन टक्के असतं, काही कार्डांवर शून्य. म्हणजे कार्ड महाग की स्वस्त हे या एका आकड्यावर ठरतं आणि तो आकडा निघण्याआधी कळतो. रिवॉर्ड पॉइंट, लाउंज वगैरे जाहिरातीतल्या गोष्टी त्यापुढे किरकोळ आहेत.

आता ती गोष्ट, जिच्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. दुकानदार मशीन पुढे करतो. स्क्रीनवर दोन आकडे असतात: एक तिथल्या चलनात, दुसरा आपल्या. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा, लगेच समजणारा, म्हणून बोट आपसूक तिकडे वळतं. ते बटण दाबलं की दर ठरवायचं काम व्हिसा-मास्टरकार्डकडून निघून दुकानाच्या बाजूच्या कंपनीकडे जातं आणि ती आपला नफा त्या दरात आधीच घालून बसलेली असते. मला हा फरक तीन-चार टक्क्यांपासून थेट दहाच्या पुढेही दिसला. त्यात पुन्हा अनेक बँका व्यवहार परदेशात झाला एवढ्याच कारणाने स्वतःचं शुल्क लावतात ते लावतातच. एकाच बदलाचे दोनदा पैसे.

उपाय एकच: कायम तिथलंच चलन निवडायचं. युरोच्या देशात युरो, जपानमध्ये येन. हे म्हणायला सोपं, पण पुष्कळदा मशीन आपल्या हातात येतच नाही. गल्ल्यावरचा माणूस मदत म्हणून स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. म्हणून मी कार्ड देतानाच सांगते, "लोकल करन्सी प्लीज." पावतीवर आपल्या चलनातली रक्कम आणि एक विनिमय दर छापलेला दिसला, की समजायचं काय झालंय ते. तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगायचं. काउंटर सोडल्यावर त्या पावतीशी भांडून फारसं काही हाती लागत नाही.

एटीएमवर हाच प्रकार जास्त बेरकीपणे होतो. पिन टाकला, रक्कम निवडली, की एक पडदा येतो. त्यावर ठळक अक्षरांत "हमखास दर", खाली आपल्या चलनातली रक्कम, मोठं हिरवं बटण "रूपांतर स्वीकारा" आणि बाजूला फिक्कट "रूपांतर नाकारा". वाचणाऱ्याला वाटतं, नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत. तसं होत नाही. नाकारल्यावर नोटा तेवढ्याच येतात, फक्त दर आपल्या कार्डाच्या नेटवर्कचा लागतो. काही मशीन नाकारल्यावर आणखी एक पडदा दाखवून पुन्हा विचारतात. तेव्हाही नाहीच म्हणायचं. युरोपीय संघात २०२० पासून तिथल्या कार्डांसाठी मशीनने देऊ केलेला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के महाग आहे ते दाखवणं बंधनकारक आहे. बाहेरच्या कार्डाला ते दिसेलच असं नाही, पण दिसलं तर तो छोट्या अक्षरांतला आकडा जरूर वाचा. माझ्यासमोर एकदा बारा टक्के आले होते.

एटीएमची दुसरी बाजू म्हणजे ठरावीक शुल्क. काही ठिकाणी मशीनवाला घेतो, काही ठिकाणी आपली बँक, काही ठिकाणी दोघंही. समजा एका वेळचे मिळून पाच युरो जातात. पन्नास युरो काढले तर दहा टक्के गेले, अडीचशे काढले तर दोन. म्हणून थोडे थोडे काढत बसणं सगळ्यात महाग. बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं मशीन शोधायचं, गर्दीच्या पर्यटन चौकात सुटं उभं असलेलं टाळायचं, हा माझा ढोबळ नियम. आणि एटीएममध्ये क्रेडिट कार्ड घालायचं नाही. ती रोख उचल धरली जाते, तिला खरेदीसारखी बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून चालू होतं आणि वर उचलीचं शुल्क वेगळं. एटीएमसाठी डेबिट कार्डच.

रोख आधीच घेऊन जाणाऱ्यांसाठी एक हिशेब. चलन बदलून देणाऱ्या काउंटरवर "नो कमिशन" असं मोठ्याने लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नसतं. कमाई खरेदी आणि विक्रीच्या दरांमधल्या अंतरात असते. फलकावरचे दोन्ही आकडे बघा. समजा परकी चलन ते तुम्हाला १०० ला विकतात आणि परत ८८ ला घेतात. मधला भाव ९४, म्हणजे एका बाजूने सहा टक्क्यांहून थोडं जास्त गेलं. दोन आकड्यांतलं अंतर जितकं रुंद, तितकं ते दुकान महाग. विमानतळावर हे अंतर पुष्कळदा सगळ्यात रुंद असतं, म्हणून तिथे मी जेमतेम पहिल्या दिवसापुरतं बदलते.

ट्रॅव्हल कार्डाबद्दल माझं मत संमिश्र आहे. पैसे भरतो त्या दिवशीचा दर पक्का होतो, पुढे भाव वर गेला तर फायदा, खाली आला तर हळहळ. खर्चाला आपोआप लगाम बसतो आणि कार्ड हरवलं तरी मुख्य खातं सुरक्षित राहतं. ही जमेची बाजू. पण कार्डात युरो भरलेत आणि तुम्ही ब्रिटनमध्ये पौंडात खर्च केला, तर पुन्हा रूपांतर आणि पुन्हा शुल्क. उरलेली रक्कम परत आपल्या चलनात आणताना आणखी एकदा. एकाच देशात लांब मुक्काम असेल तर चांगलं, चार देशांची धावपळ असेल तर मला ते डोकेदुखी वाटलं.

गाडी भाड्याने देणारे बरेचसे असं कार्ड अनामतीसाठी घेतच नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. हॉटेल किंवा गाडीवाले सुरुवातीला बिलापेक्षा मोठी रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर फक्त लिमिट अडतं. डेबिट कार्डावर आपले स्वतःचे पैसे अडतात, आणि सुटायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. एका हॉटेलने चेक-इनला अडवलेली रक्कम मी दुसऱ्या देशात पोहोचले तरी सोडली नव्हती. क्रेडिट कार्डावर होती म्हणून निभावलं. तेव्हापासून अनामत म्हटली की क्रेडिट कार्ड, यात मी बदल करत नाही.

आता देशादेशांतला फरक. "तिकडे सगळीकडे कार्ड चालतं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. स्वीडनमध्ये दुकान रोख नाकारू शकतं आणि अनेक दुकानं नाकारतात. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत. तिथे कार्ड टॅप करून बस आणि ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, दोन्ही चालतात आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा लागते, पण दिवसभर तेच कार्ड वापरलं तरच. बारीक मेख अशी, की तेच कार्ड फोनमध्ये असेल तर फोन आणि प्लॅस्टिक ही दोन वेगळी कार्डं धरली जातात. सकाळी फोन, संध्याकाळी कार्ड असं केलं की मर्यादेचा हिशेब तुटतो.

जर्मनीत उलटा अनुभव येतो. काउंटरवर कार्डाचं चित्र असतं, आणि चालतं फक्त गिरोकार्ड, म्हणजे त्यांचं देशांतर्गत डेबिट कार्ड. व्हिसा दाखवलं की मान हलवतात. जपानमध्ये सुइकासारखं प्रवासाचं कार्ड फार सोयीचं आहे, पण स्टेशनवरच्या मशीनमध्ये ते भरायला बहुतेक ठिकाणी रोखच लागते. बरं हे, की तिथल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम परदेशी कार्डं घेतात, त्यामुळे नोटांसाठी वणवण होत नाही. चीनमध्ये अलीपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे द्यायच्या ॲपला आपलं परदेशी कार्ड जोडून पैसे देता येतात, पण ती जोडणी आणि ओळख पडताळणी घरूनच उरकलेली बरी. अमेरिकेत पेट्रोल पंपाचं मशीन पिनऐवजी झिप कोड, म्हणजे तिथल्या पत्त्याचा टपाल क्रमांक, मागतं, तो आपल्याकडे नसतो, मग आत जाऊन पैसे द्यायचे. पिनचं एक राहिलं: युरोपातली तिकिटाची मशीन क्रेडिट कार्डालाही पिन मागू शकतात आणि पुष्कळांना आपल्या क्रेडिट कार्डाचा पिन माहीतच नसतो. आधी सेट करून घ्या.

रोख नेणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो, जुन्या नोटांचा. घरातलं कुणीतरी मागच्या प्रवासातल्या उरलेल्या नोटा कपाटातून काढून प्रेमाने हातात ठेवतं. ब्रिटनच्या कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्याव्या लागतात. स्वित्झर्लंडच्या आठव्या मालिकेच्या नोटा एप्रिल २०२१ अखेर बाद झाल्या, आता त्या फक्त तिथली राष्ट्रीय बँक घेते. क्रोएशियाने तर १ जानेवारी २०२३ पासून चलनच बदलून युरो घेतला. पाचशे युरोची नोट कायदेशीर आहे, पण २०१९ पासून ती नव्याने काढणं बंद झालंय आणि दुकानदार ती बघून कपाळाला आठ्या घालतात. नोटा घेताना लहान मूल्याच्या मागा. डॉलर नेत असाल तर कोरे करकरीत. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो, पण कडेला जरा फाटलेली नोट कुणी घेत नाही. मोठी रक्कम जवळ असेल तर युरोपीय संघात शिरताना १०,००० युरो किंवा अधिक, आणि अमेरिकेत १०,००० डॉलरहून अधिक असल्यास जाहीर करावी लागते. पैसे आणायला बंदी नाही, न सांगण्याला दंड आहे.

कार्डाच्या बाबतीत सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे ओटीपी. ऑनलाइन तिकीट काढायचं, बँक आपल्या नेहमीच्या नंबरवर मेसेज पाठवणार, आणि तो नंबर तिथे बंद. रोमिंगवर निदान मेसेज येतील एवढी सोय ठेवा, किंवा बँकेच्या ॲपमधून मंजुरी देता येत असेल तर ती चालू करून घ्या. परदेशी व्यवहार कार्डावर बंद असतील तर तेही सुरू करायचे, आणि एटीएम, दुकान, ऑनलाइन या तिन्हींची लिमिट वेगवेगळी असते हे बघून.

सध्या माझी रचना अशी आहे. रोजच्या खर्चाला कमी शुल्काचं क्रेडिट कार्ड, फोनमध्येही तेच. एटीएमला डेबिट कार्ड, एरवी ॲपमधून बंद ठेवलेलं, पैसे काढायचे तेवढ्यापुरतं चालू. दुसऱ्या नेटवर्कचं एक जादा कार्ड सामानात, पाकिटात नाही, कारण पाकीट गेलं की दोन्ही एकदम जायला नकोत. आणि दोन दिवस कार्डाशिवाय निघतील एवढ्या नोटा. नेटवर्क बंद पडणं, मशीन बिघडणं हे वरचेवर होत नाही, पण होतं तेव्हा रांगेतले नोटावालेच पुढे सरकतात.

परत केलेल्या वस्तूचा रिफंड मात्र जरा खटकतो. दुकानाने त्यांच्या चलनात पूर्ण रक्कम परत केली तरी रूपांतर रिफंडच्या दिवसाच्या दराने होतं आणि बँक आपलं शुल्क परत देईलच असं नाही. रक्कम थोडी कमी आली तर दुकानदारावर लगेच चिडू नका.

शेवटच्या दिवशी नोटांपेक्षा नाण्यांचा प्रश्न असतो, कारण चलन बदलणारे सहसा नाणी परत घेत नाहीत. मी ती हॉटेलच्या बिलातच संपवते. "आधी ही रोख घ्या, उरलेलं कार्डावर लावा" म्हटलं की बहुतेक ठिकाणी कुरकुर न करता घेतात, फक्त मशीन पुढे आलं की कुठलं चलन दाखवतंय ते तेव्हाही बघायचं.