बोर्डवॉकवरचा हर्मिट क्रॅब संच : खेकडा फुकट, शंख मात्र महागात

न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्यात बोर्डवॉकवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावरून, चालताना ‘पिंजरा घ्या, खेकडा फुकट’ अशा अर्थाची पाटी हमखास दिसते. गेल्या जुलैमध्ये मुलीच्या हट्टापायी अशाच एका दुकानातून आम्ही हा संच 34 डॉलरना घेतला. तारेचा पिंजरा, रंगीत खड्यांची पिशवी, स्पंज, खाद्याची डबी, रंगवलेले दोन जादा शंख आणि ‘नर-मादीची जोडी’ म्हणून दिलेले दोन कॅरिबियन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, एवढा ऐवज त्यात होता. दोन्ही खेकड्यांच्या पाठीवर चकचकीत रंगाचे शंख होते, एकावर फुटबॉल आणि दुसऱ्यावर सुपरहिरोचे चिन्ह. वर्षभराच्या अनुभवानंतर पाचपैकी दीड तारा देत आहे, आणि त्यातला एक तारा संचाचा नसून खेकड्यांचा आहे.

संचाचे सर्वांत मोठे वैगुण्य शंखात आहे. हर्मिट क्रॅबचा पुढचा भाग इतर खेकड्यांसारखा कठीण असतो, परंतु मागचा भाग मऊ आणि पीळ पडलेला असल्यामुळे तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरून राहतो आणि शेपटाकडील आकड्यांनी शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट धरून ठेवतो. अंग वाढते, शंख वाढत नाही. म्हणून आयुष्यभर त्याला मोठ्या घराच्या शोधात राहावे लागते. शंख अंगाला कितपत बसतो हे मोजण्यासाठी संशोधक 1972 पासून एक साधे गुणोत्तर वापरतात : तो शंख किती वजनाच्या खेकड्याला योग्य ठरला असता, त्या वजनाला प्रत्यक्षातील खेकड्याच्या वजनाने भागायचे. उत्तर एकच्या आसपास आले तर घर योग्य, बरेच खाली आले तर तंग. आमच्याकडे तराजू नव्हता, पण मोठ्या खेकड्याची जांभळी डावी नांगी शंखाच्या तोंडावर दारासारखी बसायला हवी ती अर्धी बाहेरच राहत होती, एवढे पाहणे पुरेसे होते. देवगडहून आलेल्या माझ्या आईने पिंजऱ्यात एकदा डोकावून नातीला सांगितले, ‘‘हेका घर ल्हान झालां गो.’’ दुकानदाराने मात्र शंख बदलण्याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

जादा शंखांचा उपयोग होईल असे वाटले होते, पण ते दोन्ही अंगावरच्या शंखांपेक्षा लहान निघाले. बाहेरून आकार बरा दिसला तरी बाजारातल्या कोऱ्या शंखात आतली जागा कमी असते, ही बाब मला नंतर कळली. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावरील जमिनीवर राहणाऱ्या जातीवर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आहे की हे खेकडे शंख आतून कोरून हलका आणि प्रशस्त करतात, आणि असा वापरलेला शंख पुढच्या खेकड्यांना अधिक हवासा असतो.

शेवटी आम्ही न रंगवलेले, गोल तोंडाचे चार शंख वेगळे मागवले आणि उकळून, गार करून आत ठेवले. तिसऱ्या रात्री मोठा खेकडा एका शंखाभोवती बराच वेळ फिरला. त्याने आत नांगी घालून खोली पाहिली, शंख उलटासुलटा केला आणि मग क्षणार्धात मऊ अंग बाहेर काढून नव्या शंखात ढकलले. तासाभरात धाकट्याने त्याचा सुपरहिरोचा शंख बळकावला. चाळीतली मोठी खोली रिकामी झाली की एकामागून एक बिऱ्हाडे हलतात, तसाच हा प्रकार. आयव्हन चेस या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह इथून जवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील हर्मिट क्रॅबमध्ये ही साखळी अभ्यासून 1988 मध्ये मांडली होती.

हा शंखांचा प्रश्न एका पिंजऱ्यापुरता नाही. किनाऱ्यावर मोठे शंख कमी असतील तर तिथल्या खेकड्यांची वाढ खुंटते, आणि तंग शंखातल्या मादीला कमी अंडी वागवता येतात. बर्म्युडामध्ये याच कॅरिबियन जातीला लागणारे मोठे शंख ज्या गोगलगायीचे, ती माणसांनी खाऊन संपवली. त्यानंतर तिथले मोठे खेकडे टेकड्यांतून झिजून बाहेर पडणाऱ्या जीवाश्म शंखांत दिवस काढत होते. 1982 मध्ये ती गोगलगाय पुन्हा सोडण्यात आली, तेव्हा कुठे नवे शंख मिळू लागले.

‘शेतात वाढवलेले खेकडे’ हे दुकानदाराचे विधान तर सरळ चुकीचे आहे. मादी अंडी शंखाच्या आत पोटाला धरून वागवते आणि पाण्याच्या काठी येऊन समुद्रात सोडते. पिल्ले काही आठवडे लाटांवर तरंगतात आणि मग इवलासा शंख शोधून जमिनीवर येतात. हे सारे घरात साधणे अगदी मोजक्या हौशी लोकांना जमले आहे, पण बाजाराची गरज भागेल असे उत्पादन होत नाही. विकला जाणारा खेकडा बहुधा किनाऱ्यावरूनच उचललेला असतो. ‘जोडी’चा दावाही तसाच पोकळ आहे. मादीची ओळख तिसऱ्या जोडीच्या पायांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांवरून पटते, आणि खेकडा शंखातून बराच बाहेर आल्याशिवाय ती दिसत नाहीत. आमच्या दोघांचे अजून ठरलेले नाही.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो पक्ष्याला शोभेल. हे खेकडे कल्ल्यांनी श्वास घेतात आणि कल्ले ओलसर राहण्यासाठी हवा दमट लागते. तारेच्या जाळीत दमटपणा टिकत नाही. कात टाकण्यासाठी त्यांना ओल्या वाळूत पूर्ण गाडून घ्यावे लागते, तिथे खड्यांचा काय उपयोग? माहितीपत्रकात पाण्याची एकच वाटी सांगितली आहे, प्रत्यक्षात क्लोरीन काढलेले गोडे आणि समुद्री मिठाचे खारे अशा दोन वाट्या हव्यात. झाकणाची काचेची पेटी, खोल वाळू, दोन वाट्या आणि शंख यांवर आमचे आणखी 90 डॉलर गेले. खाद्याची डबी आम्ही फेकून दिली.

हा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घेऊन झाला असेल तर पहिला खर्च शंखांवर करावा आणि शंखाच्या तोंडाचे माप खेकड्याच्या मोठ्या नांगीशी ताडून पाहावे. आमचा मोठा खेकडा गेले पाच आठवडे वाळूखाली आहे आणि वाळू उकरायची नाही, अशी मुलीला सक्त ताकीद आहे. फुटबॉलचा रिकामा शंख खिडकीत ठेवला आहे. त्याच्या तोंडाकडचा रंग पोपडे निघून गेला असून खाली साधा करडा शंख दिसू लागला आहे.