पग की डॅशहुंड? नागपूरच्या घरातले २८ महिने

मिरी घरी येऊन २८ महिने झाले. डॅशहुंड जातीची कुत्री आहे, काळ्या रंगावर तांबूस ठिपके, आजचं वजन ८ किलो ६०० ग्रॅम. ती येण्याआधी तीन आठवडे घरात एकच विषय चालू होता. मुलीला चपट्या तोंडाचा पग हवा होता, सासूबाईंनाही पगच. हच या जुन्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे फिरणारा तो पग आमच्या पिढीच्या मनातून अजून गेलेला नाही. मी आणि हे मात्र डॅशहुंडवर अडून बसलो, ते नागपूरच्या उन्हाळ्यापायी. पग आमच्याकडे नाही, तरी त्याच्याबद्दल लिहितेय, कारण गेल्या मे महिन्यात नणंदेचा पग, लाडू, २० दिवस आमच्याकडे होता. तिची नाशिकमध्येच घर बदलण्याची धावपळ चालली होती.

लाडूची ती २० दिवसांची संगत फार गोड होती, हे आधी सांगते. तो दिवसभर आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पायाशी बसायचा. मुलीने कसंही उचललं, कान ओढला, तरी हूं की चूं नाही. मिरीचं तसं नाही. झोपेत हात लावला की गुरगुरते, आणि मुलीला ते शिकवायला आम्हाला वर्ष लागलं. नुसता स्वभाव बघायचा तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात मी डोळे झाकून पग म्हणेन. पगचे केस मात्र तुम्हाला वाटतात त्याहून खूप गळतात. आईंच्या पांढऱ्या साड्यांवर ते रोज दिसायचे. चेहऱ्याच्या घड्या रोज कापसाने पुसून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर दोन दिवसांत वास येतो. बाहेर आलेल्या डोळ्यांना जरा काही लागलं की जखम होते, तेही सांभाळावं लागतं.

आता त्या संध्याकाळचं सांगते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. सात वाजले होते, ऊन उतरलं होतं, खालची फरशी मी हात लावून बघितली होती. दहा मिनिटं फिरवलं आणि लाडू गेटपाशी बसला तो उठेना. घशातून करवत चालावी तसा आवाज, जीभ जमिनीला टेकलेली, हिरड्या विटकरी लाल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा उडवूनच ते अंग थंड करतं. पगचं तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत नेलं, पण टाळूचा मागचा मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाला नाही. तो श्वासाच्या वाटेतच लोंबतो. त्यात नाकपुड्या चिरेएवढ्या. म्हणजे जितकी जास्त धाप, तितकं त्या वाटेतच जास्त अडतं.

नळाचं पाणी मे महिन्यात आमच्याकडे रात्रीपर्यंत कोमटच येतं. ह्यांनी वरून माठ उतरवून आणला आणि ते पाणी पोटावर, जांघांत, पंजांवर ओतलं. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. तसंच ओलं घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. ताप ४०.६ सेल्सिअस भरला. कुत्र्याचा साधारण ३८ ते ३९ असतो. ऑक्सिजन लावल्यावर, सलाईन दिल्यावर तासाभराने त्याने शेपटी हलवली. रडू मला तेव्हा आलं, त्याआधी नाही. त्याच दिवशी सकाळी साडेसहाला मिरी त्याच्या दुप्पट अंतर चालून आली होती.

म्हणून डॅशहुंड घ्या, असं मी म्हणते का? थांबा. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, ३६ पायऱ्या आहेत. आणताना हा विचार आम्ही केलाच नाही, ही आमची मोठी चूक. जर्मन शिकाऱ्यांनी हा कुत्रा बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात शिरावा म्हणून घडवला. पाय ज्या जनुकामुळे आखूड झाले त्यामुळेच मणक्यांमधल्या चकत्या लहान वयात कडक होतात आणि सरकू शकतात. दर चार-पाच डॅशहुंडांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. काहींचे मागचे पाय कायमचे जातात.

मिरीचं वजन दिवाळीत ९ किलो ८०० झालं होतं. आई प्रेमाने तूप लावलेली पोळी द्यायच्या. डिसेंबरात सोफ्यावरून उडी मारली, एकदाच किंकाळली आणि पाठ कमानीसारखी करून उभी राहिली. उचलायला गेले तर थरथरत होती. नशीब की पायांतली ताकद गेली नव्हती. पाच आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, गोळ्या, शी-शूसाठी तेवढं उचलून खाली. तेव्हापासून जिना पूर्ण बंद. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी ठेवून, दिवसातून तीनदा ३६ पायऱ्या. सोफ्याला ह्यांनी लाकडी उतरण करून दिली आहे. पोळी बंद झाली. आईंना ते जड गेलं, पण आता त्या काकडीचे काप देतात.

बाकीच्या गोष्टी चालवून घेण्यासारख्या आहेत. आवाज मोठ्या कुत्र्याचा आहे, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. तुळस सोडून एकही कुंडी शिल्लक नाही. बाहेरच शू करायची सवय लागायला सात महिने लागले, आणि पावसात ती अजून अडते, कारण पोट थेट चिखलाला लागतं. फिरून आल्यावर कानाच्या पाळीच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची. त्यापासून होणारा ताप आमच्या ओळखीतल्या दोन कुत्र्यांना जिवावर बेतला होता.

पिल्लू कुठूनही घेऊ नका. आम्हाला एकाने ३५ दिवसांचं पिल्लू पुढे केलं होतं, आईच्या दुधावरचं. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती मागा. पिल्लाची आई बघा. पग असेल तर ती चालताना घोरते का, नाकपुड्या किती उघड्या आहेत, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नेदरलँड्समध्ये तर फार चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पैदासच नियमाने रोखली आहे.

विदर्भात, मराठवाड्यात राहत असाल, दिवसभर एसी चालवणं परवडत नसेल, वीज जात असेल, तर पग आणू नका, हे मी हात जोडून सांगते. घर वरच्या मजल्यावर असेल, लिफ्ट नसेल आणि कुत्र्याला रोज उचलणारं धडधाकट माणूस घरात नसेल, तर डॅशहुंड आणू नका. आमच्याकडे उचलायला दोघं आहोत म्हणून निभतंय.

ऑक्टोबरात नणंदेने लाडूच्या नाकपुड्यांचं आणि टाळूचं ऑपरेशन करून घेतलं. आता तो तोंड मिटून झोपतो. पहिल्यांदा तसा झोपला तेव्हा तिने रात्री अकराला व्हिडिओ पाठवला होता, आणि आईंनी तो आवाज मोठा करून तीनदा ऐकला. यंदाच्या मे महिन्यात लाडू नागपूरला येणार नाही. आईच नाशिकला जाणार आहेत.