गाडी स्लो धरत नव्हती, माझे 27,700 रुपये गेले

आकडे आधी सांगते, कारण घरीसुद्धा खरी रक्कम अजून सांगितलेली नाही. फ्युएल पंप 6,800. प्लग आणि कॉइल 3,900. 'इसीएम रिपेअर', म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती, 14,500. मजुरी 2,500. झाले 27,700 रुपये, आणि गाडी होती तशीच. शेवटी ती दुसरीकडे 880 रुपयांत नीट झाली.

गाडी 2013 ची, पेट्रोल. स्लो धरत नव्हती, म्हणजे सिग्नलला उभी केली की बंद पडायची, एसी चालू असला तर हमखास. नाशिकच्या द्वारका चौकात दोनदा बंद पडली. शेजारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आई, मागे बस आणि रिक्षांचे हॉर्न. मला गाडी फक्त लवकर नीट करून हवी होती. 'तुला कळलं कसं नाही?' असं विचारणाऱ्यांनी त्या चौकात एकदा तसं अडकून बघावं. ऑफिसातल्या दोघांच्या गाड्या हायवेलगतच्या त्याच गॅरेजला जातात, म्हणून मीही गेले. डोळे मिटून गेले नव्हते.

पण जिथे मला कळायला हवं होतं, ती जागा रोज आठवते. मी स्वतः गॅरेजवाल्याला सांगितलं होतं, "दादा, परवाच चार माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढून आलो, गाडीने कुठे दम सोडला नाही. फक्त एक्सलेटरवरून पाय काढला की बंद पडते." त्यावर तो म्हणाला, "ताई, पंप वीक झालाय." पंप वीक असता तर गाडी आधी घाटात मेली असती! चढाला, लोड असताना इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं. उत्तर माझ्याच वाक्यात होतं आणि मी मान हलवली.

पंप बदलूनही गाडी बंद पडली, तेव्हा त्याने स्कॅनर लावला. स्क्रीनवर पी 0505. "इसीएम उडालाय, ताई, तुम्हाला यातलं नाही कळणार." मी स्क्रीनचा फोटो काढला होता. हा कोड इसीएम उडाल्याचा नाही, तो आयडल कंट्रोलमध्ये, म्हणजे गाडीचा स्लो सांभाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड असल्याचा आहे. बावीस दिवस तो फोटो माझ्या फोनमध्ये पडून होता. कोड दिसला की घरी येऊन अर्थ शोधा, तिथल्या तिथे 'हो' म्हणू नका.

जुना पंप मागितला तर "भंगारात गेला". इसीएम कुठे पाठवला, काय दुरुस्त केलं, कागद नाही. मी सातपूरला कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, आणि मी पक्कं बिल घेतलं नाही. "जीएसटी लावला तर वाढेल" म्हणाला, मला आधीच इतके पैसे जड झाले होते.

अंबडच्या एका वयस्कर मेकॅनिक काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चालताना बंद पडते की उभी असताना?" पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप जवळजवळ मिटते, मग इंजिन जगतं ते कडेच्या बारीक वाटेने येणाऱ्या हवेवर. ती वाट कार्बनने बुजली होती. वर एका व्हॅक्यूमच्या नळीला भेग. त्यांनी नळीवर क्लीनर फवारला, इंजिनचा आवाज लगेच बदलला, म्हणजे भेगेतून हवा आत शिरत होती. सफाई 700, नळी 180. तासाभरात गाडी एसी लावून स्लोला शांत उभी.

मग पहिल्याकडे पैसे मागायला गेले. तो म्हणाला, आमच्या कामामुळेच चालली.

चौकीत गेले. "बिल आहे का? नाही? मग त्याने काम केलं कशावरून?" यूपीआयचे चार स्क्रीनशॉट दाखवले. पैसे तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेले, त्यावर तर साहेबांनी पान उलटायचीही तसदी घेतली नाही. "हा दिवाणी मामला आहे. घरचं कोणी पुरुष माणूस पाठवा, आपसात मिटवून टाका." पैसे मी कमावलेले, गाडी माझ्या नावावर, आणि बोलायला पुरुष माणूस पाहिजे! दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून नेला, तर पोच द्यायला तयार नाहीत. शिक्का मारणारा सुट्टीवर. मग एका सरकारी कार्यालयात तीन खेपा. एक खिडकी दुसरीकडे पाठवते, दुसरी जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावते, तिसऱ्या दिवशी कळलं की हे टेबलच त्यांचं नाही. तीन अर्धे दिवस रजा गेली, पगार कापला गेला. गॅरेजवाल्याला मात्र एक फोनसुद्धा कोणी केला नाही.

बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला चौकीत कोणी सांगितलं नाही, स्वतः वाचावं लागलं. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि गाडी फक्त स्लोला बंद पडत असेल, तर थ्रॉटल साफ होईपर्यंत कोणालाही पंप उघडू देऊ नका.

मी गॅरेजला पोस्टाने नोटीस पाठवली आहे. आज अकरावा दिवस, उत्तर नाही. सोमवारी आयोगात तक्रार दाखल करतेय, अंबडच्या काकांनी 880 चं बिल आणि दोन ओळी लिहून दिल्यात.