दोन डीजी पॅरलल करायचेत: ड्रूप की आयसोक्रोनस?

दोन डीजी (डिझेल जनरेटर) एका बसबारवर, म्हणजे दोघांची वीज एकत्र येते त्या सामाईक पट्टीवर, आणायचे ठरलं की पॅनलवाला विचारतो, "ड्रूपवर ठेवू की आयसोक्रोनस लोड शेअरिंग?" कोटेशनमध्ये दिसतो तो फक्त कंट्रोलरच्या किमतीतला फरक. मी वेगळं विचारतो: दोघांच्या कंट्रोलरमधली वायर तुटली तर काय होईल?

सिंक करणं, म्हणजे दोन्ही मशीन एका तालात आणून जोडणं, दोन्हीकडे सारखंच. सिंक्रोस्कोपचा काटा 'फास्ट'च्या दिशेने सावकाश फिरत बाराच्या जरा अलीकडे आला की ब्रेकर मारायचा. भांडण सुरू होतं त्यानंतर, लोड वाटून घेताना.

ड्रूपमध्ये मशीन एकमेकांशी बोलत नाहीत. लोड वाढला की इंजिन ठरलेल्या प्रमाणात मंदावतं, आणि बसबारवर दोघांची फ्रिक्वेन्सी एकच असल्यामुळे वाटणी आपोआप होते. देशाचं ग्रिडही मुळात याच तत्त्वावर चालतं. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी सिंकमध्ये जोडलं गेलं, तरी लोड बदलला की गव्हर्नर (मशीनचा वेग सांभाळणारा भाग) पहिल्यांदा हलतो तो कुणाला न विचारताच.

पण सेटिंग जपावं लागतं. २०० किलोवॅटचे दोन सेट घ्या, बिनलोडची फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झ, ड्रूप ४ टक्के, म्हणजे पूर्ण लोडवर ती २ हर्ट्झने उतरून ५० होते. एकाची चुकून ५१.५ राहिली, तर २०० किलोवॅट लोडवर वाटणी १२५ आणि ७५ होते. तेवढं चालून जातं. रात्री लोड २० वर उतरला की मात्र पहिला ३५ देतो, दुसरा उलटे १५ खातो, म्हणजे जनरेटरची मोटर झाली! शिवाय फ्रिक्वेन्सी ५१.६५, काही यूपीएस एवढ्यावर बायपासशी (थेट सप्लायच्या वाटेशी) सिंक सोडतात.

आयसोक्रोनसमध्ये फ्रिक्वेन्सी पन्नासवरच राहते. कोण किती लोड घेतोय हे कंट्रोलर कॅन केबलवरून एकमेकांना सांगतात. छान चालतं. एका कारखान्यात ट्रेंचमधली हीच केबल उंदरांनी कुरतडली. दोन्ही गव्हर्नर आपापलं पन्नास धरून बसले, एकाने सगळा लोड ओढला, दुसरा रिव्हर्स पॉवरवर (उलटी वीज खाल्ल्यामुळे) ट्रिप, मग पहिला ओव्हरलोडने गेला. पूर्ण शॉप फ्लोअर अंधारात.

(केव्हीएआरची, म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवरची वाटणी व्होल्टेज सांभाळणाऱ्या एव्हीआरकडे, तो हिशेब वेगळा.)

दोन्ही सेट एकाच खोलीत आणि इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरचे असतील तर आयसोक्रोनस घ्या, पण केबल तुटताच कंट्रोलर ड्रूपवर उतरतो हे लेखी घ्या. एक सेट जुना, मेकॅनिकल गव्हर्नरचा असेल तर सरळ ड्रूप. महावितरणच्या सप्लायशी पॅरलल ठेवायचं असेल तर आयसोक्रोनसचा विषयच नाही. तिथे फ्रिक्वेन्सी ग्रिड ठरवतं, तुम्ही फक्त किलोवॅट ठरवायचे.

आणि हँडओव्हरच्या दिवशी, लोड चालू असताना, पॅनलवाल्यालाच तो कॅनचा कनेक्टर उपटायला सांगा.